चूलबंद परवानगी

१२ जानेवारी २०२६, सोमवार

पतपेढीवाले दरवर्षी डायरी देतात आणि ती दरवर्षी कपाटात पडून राहते. यंदा मी लिहिणार आहे. कारण या घरात मी, काशीराम, बोललो तर ऐकायला कोणी उरलेलं नाही. आणि बोलताना ‘आमी-तुमी’ असलं तरी लिहिताना मी शुद्धच लिहितो, शाळेत गुरुजींनी छडीने शिकवलंय.

तर आज सकाळी आमच्या मसाल्यावर बंदी आली.

माझी लेक मनस्वी मार्केटिंगचं शिकलेली आहे. तिच्या आईच्या हातचा आगरी मसाला तिने ‘भामा मसाले’ नावाने इंटरनेटवर आणला. उलव्याच्या टॉवरांपासून परदेशापर्यंत गिऱ्हाईक आहे. ज्यांनी मागितलं त्यांना ती ई-मेल पाठवते: मिरची आली, भाजली, कांडली, बुकिंग सुरू. ह्या मेल पाठवून देणारी एक कंपनी असते. त्या कंपनीने आज आमचं खातं थांबवलं. म्हणे, पुष्कळ लोकांनी तुमच्या मेलला ‘स्पॅम’ म्हणून कळवलंय, म्हणजे नको असताना आलेला कचरा. भामाच्या मसाल्याला कचरा!

मनस्वीने यादी तपासली आणि माझ्याकडे बघितलं. “पप्पा, ही एवरी मानसं आली कुठून?”

मी सांगितलं, अभिमानाने सांगितलं. डिसेंबरभर मी हळदींना जात होतो. आमच्यात लग्नाहून हळद मोठी, सगळं घराणं एका मांडवात सापडतं. तिथल्या मोठ्या माणसाला मी विचारायचो, तुमच्या सगळ्या पोरासोरांना मसाल्याची मेल पाठवू ना? तो म्हणायचा, “आरं इचारतोस काय, पाठव!” झालं. मग गावकीच्या ग्रुपवरून सगळ्यांचे पत्ते घेतले आणि तिच्या यादीत टाकले. तिला सांगितलं नाही, सरप्राइज.

यात चुकलं काय? आम्ही चूलबंद आमंत्रण देतो तेव्हा घरातल्या एकाला सांगतो, मग त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे जेवायला येतात. प्रत्येकाच्या कानात जाऊन कोण विचारतं?

मनस्वीने कपाळाला हात लावला. “पप्पा, मेलला चूलबंद नसतो. ज्याचा पत्ता, त्याचा होकार.”

आता मार्चमध्ये मिरची येईल. त्याआधी बुकिंगच्या मेल गेल्या नाहीत तर मसाला कांडायचा कोणासाठी? पोरीची दोन वर्षांची मेहनत आहे. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

आणि हे असं आत्ताच व्हायचं होतं! शिमगा झाला की ८ मार्चला तिचा साखरपुडा. तळोज्याकडचे हरेशशेठ, त्यांचा मुलगा हृतिक. घर बघावं तर असं. मी त्यांच्या ओटीवर जाऊन शेठना शब्द दिला आणि ते आमच्याकडे आले तेव्हा मनस्वीलाही विचारलं हो, मी काही जुनाट बाप नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, “काय गो, बरोबर ना?” तर ती पाणी आणायला आत गेली. लाजली.

१५ जानेवारी, गुरुवार

कंपनीला मनस्वीने खरं तेच कळवलं. मी टाकलेले सगळे पत्ते काढून टाकले. ते म्हणतात, पुन्हा रीतसर परवानग्या घ्या, प्रत्येकाने केव्हा आणि कसा होकार दिला ते दाखवा, मग बघू.

टोरंटोला राहणाऱ्या चिरनेरच्या एका जावयाने तर मला वेगळं पत्र धाडलं, की आमच्या कॅनडात कायदा फार कडक आहे, सांभाळा. त्याच्या सासऱ्याने मला मांडवात परवानगी दिली होती. जावयाला सासऱ्याचा होकार चालत नाही, काय दिवस आले!

मनस्वी म्हणाली, “आपल्याकडं पन नवा कायदा आलाय पप्पा. तुमी घान केली, तुमीच निस्तरा.” तेव्हा आजपासून परवानगी खातं माझ्याकडे. तिने नियम समजावले. मेल कोणाकडून आली ते खरं सांगायचं. राहता पत्ता द्यायचा. बाहेर पडायची वाट सहज दिसेल अशी ठेवायची. होकाराची खूण आपण आधीच करून ठेवायची नाही, त्याने स्वतः करायची. आणि कोणी काहीच बोललं नाही तर तो होकार नाही.

इथे मी तिला पकडलं. म्हटलं, गुरुजींनी शिकवलंय, मौन म्हणजे संमती.

“कायद्यात नाय तसा,” ती म्हणाली. मग परत म्हणाली, “गप राहनं म्हंजे हो नाय, पप्पा.”

एकदा सांगितलेलं मला समजतं, दोनदा कशाला सांगायचं? भामा शेजारी नमुन्याची मिरची भाजत होती. मिरचीच्या धुराचा खाट असा उठला की मनस्वीचे डोळे भरून आले. मी पंखा लावून दिला.

२५ जानेवारी, रविवार

काल मोठी हळद होती. मी या वेळी एकेकाला गाठलं. पोरं नाचत होती तिथून बाजूला घेऊन विचारलं, “तुना आमच्या मसाल्याची मेल चालंल का?” सगळे म्हणाले, “हो काका, पाठवा की.” एकाने तर पाया पडून होकार दिला. मी मोबाइलवर पत्ते उतरवून घेतले, ऐटीत घरी आलो.

मनस्वी म्हणाली, आता ह्यांना एकच मेल जाईल, कंपनीने तेवढी मुभा दिलीय: तुमचा होकार नक्की असेल तर इथे दाबा. दाबलं तर यादीत, नाही तर विसरायचं.

आज संध्याकाळपर्यंत मूठभर लोकांनी दाबलं. पाया पडणाऱ्यानेही नाही!

मी जाम भडकलो. तोंडावर हो आणि पाठ फिरली की नाही, ही काय माणसं झाली? मनस्वी शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुमच्या तोंडावर नाय बोलनारा मानूस या पंचक्रोशीत हाय का कोन?”

हे मात्र खरं आहे. पोरीला आपल्या बापाची किंमत आहे, बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जरा घोटाळा झाला.

ज्यांचा होकार दाखवता आला तेवढ्यांना, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना आणि बटण दाबणाऱ्यांना, मेल पाठवायला कंपनीने परवानगी दिली. पहिली मेल गेली आणि उलव्याच्या सुनीता मॅडमनी यादीतून नाव काढून घेतलं. जुन्या गिऱ्हाईक. मला राहवेना. काय चुकलं असेल? तिखट जास्त झालं? वास गेला? मसाल्याची एक पुडी घेतली आणि स्कूटरवरून उलवे गाठलं. रस्ते असे खणून ठेवलेत की पोचेपर्यंत मीच कांडला गेलो. लिफ्ट बंद. धापा टाकत वर चढलो आणि बेल वाजवली.

मॅडमनी दाराची साखळी न काढताच विचारलं, कोण?

म्हटलं, मी भामा मसाले. तुम्ही नाव का काढलंत?

त्या बाईंचा चेहरा! म्हणाल्या, “अहो काका, मसाला उत्तम आहे, मला फक्त मेल नको होत्या. रोजच्या इतक्या येतात. त्यासाठी तुम्ही घरी आलात?” पाणी विचारलं, मी घेतलं. पुडीही त्यांनी घेतली, पण बिचकत.

घरी सांगितलं तर मनस्वी उभीच राहिली. “नाव काढनाऱ्याला कारन विचारायचा नसतो पप्पा! त्याच्या दारात जाऊन तर नायच! जाताना एक बटन, बस. येताना जेवरा सोपा तेवराच जाताना पन.”

मी म्हटलं, माणूस उठून गेला तर का गेला हे विचारणं माणुसकी आहे.

“आनि ज्याला विचारलेलाच आवडत नाय त्यानं काय करायचा? कारन नसंल तर? नुसता नको असंल तर?”

एका सुनीता मॅडमसाठी एवढा त्रागा मला कळला नाही. मॅडमना फोन करून माफी मागू का म्हटलं, तर म्हणाली, “नको! फोन पन नको!”

१६ फेब्रुवारी, सोमवार

खातं पूर्ण सुरू झालं! यादी लहान आहे, पण मनस्वी म्हणते, ह्यातला प्रत्येक माणूस स्वतःच्या पायाने आलाय. बुकिंग यायलाही लागलंय. मला कळेना, एवढ्या मोठ्या यादीला जमलं नाही ते एवढ्याशा यादीला कसं जमलं.

परवानगीचं मला आता व्यसन लागलंय, असं भामा म्हणते. उलव्यातल्या फ्लॅटची जाहिरात करणाऱ्या पोराचा फोन आला. त्याला मी उभा-आडवा धुतला. माझा नंबर कुठून घेतला, होकार केव्हा घेतला, दाखव. त्याने फोन ठेवला, मी परत लावला.

गावकीच्या बैठकीतही बोललो. शिमग्याला कोणत्या घराने काय करायचं हे पंच परस्पर ठरवतात. मी उठून म्हटलं, घरोघर विचारा, गृहीत धरू नका. सगळे हसले. एक म्हणाला, “काशीरामशेठ, कालपर्यंत तुमीच ठरवत व्हता ना?”

घरी येऊन भामाला म्हटलं, “भामा, चहा मागू का? तुजी हरकत नसंल तर.”

तिने चहा ठेवला आणि पातेल्यात बघतच म्हणाली, “अवो, सगल्या दुनियेला इचारताव. घरान पन इचारा.”

“बरं, काय विचारू?”

“तुमाला कललं तवा इचारा.”

तिला नवा फ्रिज हवा असणार. दिवाळीपासून चाललंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

साखरपुड्याचं आमंत्रण मी तयार केलं, गुलाबी रंग, वर गणपती. मनस्वीला म्हटलं, आपल्या मसाल्याच्या यादीला एका फटक्यात पाठवून दे.

“नाय पाठवनार,” ती म्हणाली.

“का? त्यांचा होकार हाय ना?”

“मसाल्याला हाय. परवानगी ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची. मसाल्याचा होकार म्हंजे लग्नाचा होकार नाय.”

पोरगी नियमाला पक्की आहे, बापावर गेली. मी म्हटलं, मान्य. मग साखरपुड्यासाठी वेगळं विचारू. कोणाकोणाला विचारायचं ते सांग.

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “सगल्यांना विचारा, पप्पा. कोन राहिला नाय पायजे.” आणि आत गेली.

मी बसून आठवलं. हरेशशेठ झाले. त्यांची बायको झाली. मनस्वीचे मामा, माझा भाऊ परेश, भटजी, हॉलवाला. सगळे झाले. राहिलं कोणी नाही. तरी एकदा परेशला फोन करून खात्री केली. तो म्हणाला, “दादा, तुजा शब्द म्हंजे आमचा शब्द.” याला म्हणतात भाऊ.

मनस्वी हल्ली जेवत नाही नीट. साखरपुड्याच्या आधी मुली बारीक होतात म्हणे.

१ मार्च, रविवार

कसं लिहू कळत नाही, पण लिहितो.

दुपारी हरेशशेठचा फोन होता, साखरपुड्याला किती पानं वगैरे. बोलता बोलता म्हणाले, “तुमच्या मसाल्याच्या यादीन आमच्या हृतिकचा पन नाव टाका. व्याहीच होनार तुमी.”

मी म्हटलं, शेठ, तसं नाही चालत. हृतिकने स्वतः बटण दाबलं पाहिजे.

“आरं, मी बोलतो ना, त्याचा हो हाय.”

मला आला चेव. परवानगी खातं आहे माझं. म्हटलं, “शेठ, राग नको. ज्याचा पत्ता त्याचा होकार. बापाच्या होकारानं पोराचा होकार धरता येत नाय. तो गप राहिला तरी धरता येत नाय. त्यानं सोता, राजीखुशीनं सांगायला पायजे.”

शेठ खो खो हसले. “मंग काशीरामशेठ, पोरीचा होकार कोनी दिला? तुमीच दिला ना?”

मीही हसलो. व्याह्याने थट्टा केली की हसायचं असतं. मग प्रश्न ध्यानात आला. शेठ पुढे पानांचं बोलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं.

फोन ठेवून मी गच्चीत गेलो. प्रत्येक नावापुढे कंपनीला काय लागतं ते मला पाठ आहे: केव्हा दिला, कुठे दिला, कोणत्या शब्दांत दिला. मनस्वीचा आठवायला बसलो. केव्हा? सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा. कुठे? हरेशशेठ समोर बसले होते तिथे. कोणत्या शब्दांत?

पाणी आणायला गेली होती ती. पाणी घेऊन आलीसुद्धा नव्हती, भामाने आणलं होतं.

डोक्यावरून विमानं जात होती आणि मी मूर्खासारखा तिथे बसून होतो. गेले दोन महिने ही पोरगी मला काय शिकवत होती? मेलचे नियम? मी तर म्हणत होतो, पोरगी नियमाला पक्की आहे.

२ मार्च, सोमवार

सकाळी मनस्वीला म्हटलं, मिरची बघायला बाजारात जायचंय, चल. गाडी तिनेच चालवली. नाक्यावर गर्दीत अडकलो तेव्हा विचारलं. समोर बघत विचारलं, तिच्याकडे बघायची छाती झाली नाही.

“मनस्वी, हृतिकशी लग्न करायचा हाय तुना?”

ती गप्प. पूर्वी एवढ्या गप्प बसण्यावर मी हॉल बुक करून आलो असतो. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी थांबलो.

“तुमी विचारताव, का सांगताव?” तिने विचारलं.

“विचारतो.”

“मग नाय.”

एवढंच. ‘नाय’. खरं ते लिहितो, मला राग आला. भयंकर आला. तळोज्यापर्यंत माझा शब्द गेलेला. माझी आख्खी हयात त्या शब्दावर. गावकीत काशीरामने हो म्हटलं की झालं, असं लोक म्हणतात. मी म्हणणार होतो, का? काय वाईट आहे त्या पोरात? दुसरा कोणी आहे का? तोंड उघडलंही होतं.

मग दाराची साखळी न काढणाऱ्या सुनीता मॅडमचा चेहरा डोळ्यासमोर आला. मी तोंड मिटलं.

मनस्वी रडत होती. आज गाडीत मिरची नव्हती, खाट नव्हता. “पप्पा, मी कधीचीच बोलनार होते. तुमच्या तोंडावर नाय जमला,” म्हणाली.

जानेवारीत हेच वाक्य मी कौतुक म्हणून लिहून ठेवलंय. लाज वाटली मला.

मिरची घेतली. चांगली आहे, लाल आहे. परत येताना दोघंही फार बोललो नाही, पण तिने वाटेत वडापाव मागितला आणि दोन खाल्ले.

५ मार्च, गुरुवार

होळी, धुळवड होऊ दिली. सणाचं कोणाच्या घरी नाही म्हणायला जाऊ नये. आज तळोज्याला गेलो. परेश म्हणत होता फोनवर सांग, मी नाही ऐकलं. शब्द त्यांच्या ओटीवर बसून दिला होता, परतही तिथेच जाऊन घ्यायला हवा.

हरेशशेठना आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यांचा आवाज चढला. आम्ही पत्रिका छापून वाटल्या, चार लोकांत आमचं हसं होईल, तुमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? जे जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यांच्या जागी मीही बोललो असतो. मी खाली मान घालून ऐकलं.

शेवटी म्हटलं, “शेठ, माझा शब्द माझा व्हता. तो मी तिच्या नावानं दिला, चुकी माझी. पोरीला काय बोलू नका.”

ते उठून आत गेले. चहा आला नाही. आमच्यात ओटीवर आलेला माणूस चहाशिवाय जात नाही, मी आज गेलो. दाराशी हृतिक उभा होता. मला वाटलं हाही बोलणार. तो चपलेकडे बघत म्हणाला, “काका, मनाबी कोनी विचारलाच नव्हता.”

घरी आलो तेव्हा गावकीच्या ग्रुपवर बातमी माझ्या आधी पोचली होती. काशीरामचा शब्द फिरला. लिहू देत. मनस्वीने लॅपटॉपवरून मान वर करून बघितलं, मी मान हलवली. ती उठली आणि लहानपणी यायची तशी येऊन बिलगली.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. भामा मिरचीचे देठ काढत होती. तिच्यासमोर पाट घेऊन बसलो, मीही देठ काढायला लागलो. थोड्या वेळाने म्हटलं, “भामा, आपल्या लग्नाच्या टायमाला तुना कोनी इचारला व्हता?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं उठून जाईल. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

“आता इचारताव? आता नाव काढायचा बटन हाय का?”

“नाय. पन तुजं उत्तर पायजे.”

तिचं हसू थांबलं. ती बराच वेळ देठ काढत राहिली. मी तिच्या वतीने काही धरलं नाही, ना हो, ना नाही.

जेवताना परत विचारलं.

“सांगन,” ती म्हणाली. “घाई काय हाय?”

मी बरं म्हटलं.